तोलून झाल्यावर

तिनं माझं घर काढून घेतलं. घर तिचंच होतं, हे मला मान्य आहे. विटा तिच्या, घरपट्टीची पावती तिच्या नावाची. पण त्या घराचं जे नाव झालं होतं, ते मी केलं होतं. पडदे माझे, गाद्या माझ्या, मोबाइलवर टाकलेले फोटो मी सकाळच्या उन्हात तीन-तीनदा काढलेले, आणि त्या फोटोंखाली पाहुण्यांनी चार वर्षांत लिहिलेले चांगले शेरे माझे. घर गेलं की शेरेही जातात. ते उचलून दुसऱ्या घराला चिकटवता येत नाहीत. दोन-चार दिवसांसाठी पाहुण्यांना घर देण्याचा धंदा ज्यानं केला असेल, त्याला ही जखम कळेल. बाकीच्यांनी एवढंच समजावं की भावात कधी कुणाला हार न गेलेल्या बाईला अमरावतीच्या एका म्हातारीनं एकही आकडा न सांगता हरवलं.

गल्लीत सगळे तिला मावशी म्हणत. मीही म्हणायचे. तोंडावर 'तुम्ही' म्हणत होते, मनात मात्र ती पहिल्या दिवसापासून 'ती'च होती. मावशी भातकुलीकडची, भाजीवाल्या माळ्यांच्या घरातली. चाळीस वर्षं तिनं अमरावतीच्या बाजारात भाजी विकली आणि त्यावर मजल्यावर मजला चढवत घर बांधलं. खालचा मजला वांग्यांवर, वरचा कोथिंबिरीवर आणि त्याच्या वरचा एका वर्षीच्या टोमॅटोवर उभा आहे, असं ती आल्यागेल्याला सांगायची. गुडघे गेले तेव्हा दुकान बंद केलं, पण तराजू घरी आणून ओट्यावरच्या हुकाला टांगला. पाहुणे त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे. त्यांना वाटायचं, मी सजावट केली आहे.

तराजूची तिला तशी गरज नव्हती. पाहुणा फाटकातून आत आला की मावशी ओट्यावरून उठायची आणि काही न बोलता त्याची बॅग हातात घ्यायची. पाहुणा अवघडायचा, "अहो, राहू द्या, आजी," म्हणायचा. त्याला वाटायचं, म्हातारी मदत करतेय. मदत नव्हती ती. कोपर जरा वाकवून ती बॅग दोनदा वरखाली करायची आणि खाली ठेवून द्यायची. तो जिना चढून गेला की मला सांगायची, "अकरा किलो. दोन दिवस राहतो म्हनते, पन तयारी आठवड्याची हाये. घरून भांडून आला." एका बाईची जाडजूड सूटकेस उचलून म्हणाली होती, "अर्ध्याच्या वर खायाचं हाये. लेक बाळंत झाली असन हिची." लेक खरंच बाळंत झाली होती.

मला असल्या गोष्टींचा राग येतो. मी चिडून बॅगा तोलायचा हुकाचा काटा विकत आणला आणि तिनं सांगितलेलं वजन पाहुण्यांच्या नकळत आठवडाभर तपासलं. अर्ध्या किलोच्या पलीकडे ती एकदाही चुकली नाही. आठव्या दिवशी मी काटा दुकानात परत करून आले आणि दुकानदाराशी भांडून पूर्ण पैसे घेतले.

पाहुण्यांना खूश कसं ठेवायचं, यावर आमची रोज वादावादी असायची. मी दाराशेजारी आकड्यांच्या कुलपाची किल्लीपेटी बसवली. पाहुण्यानं आकडा फिरवावा, किल्ली घ्यावी, कुणाचं तोंड बघायची गरज नाही. मावशीनं त्या पेटीत तंबाखूची पुडी ठेवली आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली. "ज्याच्या घरात राहाचं, त्याचं तोंड नाई पाह्याचं? हे कोनतं राहनं झालं?"

मी खोलीत छोट्या साबणवड्या ठेवायचे, पाण्याच्या बाटल्या ठेवायचे. मावशीनं एकदा कुणालाही न विचारता पुण्याहून आलेल्या पाहुण्याच्या उशीवर मेथीची जुडी ठेवली. भाजीवाल्यांच्या सवयीप्रमाणे वर पाणी शिंपडून. पाहुण्यानं जाताना लिहिलं, "खोली स्वच्छ. उशीवर ओली मेथी आढळली. कारण समजले नाही." आणि एक तारा कापला.

मी फोन घेऊन खाली गेले. "मावशी, उशीवर मेथी ठेवतात का कुणी?"

"मंग कुठं ठेवू? खाली ठेवली त पायानं तुडवली असती ना त्यानं."

"पण ठेवायचीच कशाला?"

"तू साबनाची एवढूशी वडी ठेवून राहिली, ते काहून?"

"ती सोय असते."

"अन् हे काय गैरसोय हाये? घरी नेईन तो, भाजी करन, खाईन, म्हनन अमरावतीची मेथी होती. तुया साबनाचं कोन काय म्हनते?"

मग तिनं मला तो सिद्धान्त सांगितला, जो पुढं चार वर्षं मी ऐकत राहिले. "काटा बरोबर ठेवाचा. काट्यात खोट केली त नरकातबी जागा नाई. पन तोलून झालं का वरून दोन मिर्च्या टाकाच्या, चार काड्या सांबाराच्या टाकाच्या. गिऱ्हाईक तोललेल्या मालासाठी येत नाई वं. तो माल सगळ्यायपाशी असते. गिऱ्हाईक वरच्या दोन मिर्च्यांसाठी येते." कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात, हे पुण्याच्या पाहुण्यांसाठी सांगून ठेवते.

माझं शिक्षण वेगळं. मी शेंदूरजनाघाटची. आमचा स्वतःचा बगीचा नव्हता. आई दुसऱ्यांच्या मालाची संत्री निवडायला जायची आणि सातवीपासून मीही तिच्यासोबत ढिगाऱ्याशेजारी बसले. मोठं इकडे, मधलं तिकडे, डागी बाजूला. एक फळ हातात किती वेळ ठेवायचं, तर डोळ्याची पापणी लवेपर्यंत. त्यापेक्षा जास्त ठेवलं तर मुकादम ओरडायचा. तिथून अमरावतीला एका लॉजच्या काउंटरवर आले, शुद्ध बोलायला शिकले, आणि पाच वर्षांनी दुसऱ्याचं काउंटर सोडून स्वतःचा धंदा उभा केला. कुणी एक खुर्चीसुद्धा दिली नाही. जे आहे ते घासाघीस करून मिळवलेलं आहे. वरून टाकणं माझ्या हाताला ठाऊकच नव्हतं. माझ्या हाताला ठाऊक होतं बाजूला काढणं.

मावशीचे वरचे दोन मजले मी घेतले, तो सौदा दोन तास चालला होता. ती ओट्यावर पालक निवडत बसलेली, मी समोर स्टुलावर. तिनं भाडं सांगितलं, मी अर्धं सांगितलं. ती हसली. मी उठले, फाटकापर्यंत गेले, परत आले. तिनं चहा केला. मी पुन्हा उठले. दुसऱ्या चहानंतर जमलं. असा बरोबरीचा सौदा मला त्याआधी मिळाला नव्हता आणि खोटं कशाला बोलू, मला मजा आली. सगळं ठरल्यावर मी चपला घालत होते, तेव्हा ती म्हणाली, "गच्चीबी वापर."

गच्ची बोलण्यात नव्हती. मला लगेच संशय आला. मी चपला काढल्या, वर गेले आणि गच्ची गळते का, हे कोपरा न् कोपरा वाकून पाहिलं. गळत नव्हती. पुढं त्याच गच्चीवरचा फोटो बघून निम्मे पाहुणे यायचे. करार अकरा महिन्यांचा होता, त्यामुळं दर अकरा महिन्यांनी आम्ही नव्यानं बसायचो. तिच्या हातात पालक, माझ्या हातात चहा. त्या दिवसाची आम्ही दोघी वाट बघायचो, असं मला अजूनही वाटतं.

आता ज्या दिवसावरून हे सगळं बिघडलं, त्याबद्दल. माझी बाजू मी कितीदा तरी मनातल्या मनात मांडली आहे. इथंही तशीच मांडते.

पोलीस भरतीची मैदानी चाचणी होती. अकोल्याच्या पलीकडच्या एका गावातून एक बाप आणि त्याची मुलगी आली. सगळ्यांत लहान खोली, दोन रात्री. मावशीनं बॅग उचलली. "चार किलो. त्यातले दोन किलो चने अन् गूळ. कपडे काईच नाईत." मुलीनं बूट पायात न घालता पिशवीत जपून आणले होते. मैदान ओलं होतं म्हणून तिच्या गटाची चाचणी एक दिवस पुढं गेली. आणि ज्या दिवशी ते खोली सोडणार होते, त्याच दिवशी दुपारी बारा वाजता दोन्ही मजल्यांवर लग्नाचं वऱ्हाड उतरणार होतं. चार महिन्यांपूर्वी ठरलेलं. माझा नियम साधा आहे. अकरा वाजता खोली रिकामी, बारा वाजता पुढचा पाहुणा. मधला एक तास झाडूपोछ्याचा.

नऊ वाजता तो बाप खाली आला. "मॅडम, आजचा दिवस राहू द्या."

"सगळं भरलं आहे."

"मग दुपारपर्यंत."

"अकरा."

"पोरगी झोपली आहे. उद्या धावायचं आहे तिला. एक वाजेपर्यंत करा ना."

"अकरा."

"बारा तरी."

तो पायरी-पायरीनं खाली येत होता, आणि असा माणूस माझ्या चांगल्या ओळखीचा असतो. त्याला एक पायरी दिली की तो पुढच्या दोन मागतो. उभी हयात मी हेच केलं आहे, मला कुणी शिकवायला नको. तो साडेअकरावर आला तेव्हा मी चिडले. आवाज वाढवला. आणि अकरा वाजून एक मिनिटानं त्यांची बॅग उचलून फाटकाच्या बाहेर रस्त्यावर ठेवली.

मावशी ओट्यावर गवार मोडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यांवर हात टेकून उठली, फाटकाबाहेर गेली आणि ती बॅग उचलली. दोनदा वरखाली केली.

"साडेतीन," ती म्हणाली. "चने खाल्ले पोरीनं."

एवढंच. बॅग तिनं आपल्या खोलीत नेली. त्या दिवशी वर बँड वाजत होता आणि खाली मावशीच्या पलंगावर ती मुलगी कानावर उशी दाबून झोपली होती. बाप ओट्यावर बसून राहिलेली गवार मोडत होता. वऱ्हाड खूश झालं. नवरदेवाच्या मामानं पाचही तारे दिले आणि लिहिलं, "खोल्या दिलेल्या वेळेत मिळाल्या."

दुसऱ्या दिवशी मी मावशीला तो शेरा वाचून दाखवला. तिनं ऐकून घेतलं आणि सूप पुढं ओढलं. मी म्हणाले, "खोलीचा त्यांना शब्द दिला होता. मी काय करायला पाहिजे होतं, तुम्हीच सांगा."

"खोली द्याची होती असं म्या कुठं म्हनलं? खोली वऱ्हाडाची. तुया काटा बरोबर हाये."

"मग?"

"वरून काय टाकलं?"

मी ओरडले. "तो भाव करत होता, मावशी! आज, मग दुपार, मग एक, मग बारा! याला भाव करणंच म्हणतात."

"तो भाव करत नव्हता वं." ती शांतपणे म्हणाली. "मांगून राहिला होता. चाळीस वर्ष बसली मी बाजारात. भाव करनारं गिऱ्हाईक माल हातात धरून बोलते. मांगनाऱ्याचे हात पाठीमांगं असतात."

त्याचे हात कुठं होते, ते मला आठवेना. मी त्याच्या तोंडाकडंसुद्धा नीट पाहिलं नव्हतं. पापणी लवेपर्यंत पाहिलं होतं.

दोन महिन्यांनी करार संपत होता. मी पूर्ण तयारीनं गेले. ती कुठून सुरू करेल, मी कुठं थांबेन, गच्चीचा रंग कुणी द्यायचा, सगळं डोक्यात होतं. मावशी ओट्यावर पालक निवडत होती. मी स्टूल ओढलं आणि म्हणाले, "बोला."

"या टायमाले नाई द्याचं."

मला वाटलं, ही नवी चाल आहे. मी हसले आणि भाडं थोडं वाढवून सांगितलं. ती पालकाची पानं उलटून बघत होती. मी आणखी वाढवलं. मग आणखी. समोरून आकडाच येत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्याशीच भाव करत होते आणि दर वेळी हरत होते. शेवटी जिथं थांबायचं ठरवलं होतं, त्याच्याही पुढं जाऊन मी थांबले.

"तुमचा भाव तरी सांगा," मी म्हणाले.

"भाव विकाच्या मालाले असते," ती म्हणाली. मग माझ्याकडं पाहिलं. "एक महिना वरून राह्य. तुले दुसरं घर पाहाले लागन."

"मला वरचं काही नको."

मी शेवटच्या तारखेला, बरोबर अकरा वाजता घर सोडलं. पडदे काढले, पडद्यांच्या कड्या काढल्या, भिंतीत मी ठोकलेले खिळेसुद्धा उपटून पिशवीत भरले. किल्ली ओट्यावर ठेवली. मावशीनं खिळ्यांची पिशवी उचलून पाहिली आणि मला परत दिली. "दीड किलो," म्हणाली. चार वर्षांनंतर निरोपाचे हे शब्द.

मी अकोल्याला गेले. आज अकोल्यात माझी चार घरं आहेत, अमरावतीत दोन. चांगली चालतात. पण मावशीच्या घराबद्दल कानावर येत राहायचं. तिनं मोबाइलवर काही टाकलं नाही, पाटी लावली नाही. परीक्षेला आलेल्या मुली, दवाखान्यात कुणाला दाखल केलेले लोक, साक्षीसाठी कोर्टात आलेले लोक, एकानं दुसऱ्याला सांगून तिथंच जायचे. घर कधी रिकामं नसायचं. माझ्या गच्चीवर आता त्यांचे कपडे वाळत असतील, हा विचार मला भल्या सकाळी यायचा आणि दिवस खराब करायचा.

दीड वर्षानं कळलं की तिचे गुडघे पार गेले, तिला जिना चढता येत नाही. म्हटलं, आता देईल. जिना न चढणारी बाई दोन मजले कशी चालवणार? मी मुद्रांकाच्या कागदावर करार टाइप करून घेतला, फक्त भाड्याची जागा कोरी ठेवली. म्हणजे आकडा तिनं सांगायचा. याहून जास्त खाली मी येऊ शकत नव्हते.

सकाळच्या बसनं निघाले, बाराच्या सुमाराला फाटकाशी पोचले. मावशी ओट्यावर होती. आता खुर्चीवर. तिनं बसल्या बसल्या हात पुढं केला आणि मी काही न समजता बॅग तिच्या हातात दिली. तिनं ती वरखाली केली.

"सव्वा किलो. राहाले नाई आली तू. कागदं हायेत."

"हो."

"पानी पे. अन् माह्यं एक काम कर. हा ताकाचा गिलास वरच्या लहान खोलीत देऊन ये. माह्याच्यानं चढनं होत नाई."

मी ताक घेऊन जिना चढले. भिंतीवर माझ्या खिळ्यांची भोकं तशीच होती. लहान खोलीचं दार अर्धवट उघडं, आत पलंगावर कुणीतरी तोंडावर ओढणी घेऊन झोपलेलं. दाराबाहेर बूट. आणि बुटांशेजारी जमिनीवर बसलेला तो.

त्यानं मला ओळखलं. मी त्याला ओळखायच्या आधी. घाईघाईनं उठला, आणि माझ्या हातातल्या गिलासाकडं न बघता भिंतीशी ठेवलेली बॅग उचलली.

"मॅडम," तो हळू आवाजात म्हणाला, "अकरा वाजले का?"

भिंतीवरचं घड्याळ त्याच्या पाठीमागं होतं. त्यात साडेबारा वाजत आले होते.

"नाही," मी म्हणाले. "अजून वेळ आहे."

त्यानं बॅग खाली ठेवली. "परत भरती निघाली," तो म्हणाला. "मागच्या वेळी दोन गुणांनी गेली. आज सकाळी धावली, बरी धावली. थकली आहे." बोलताना त्याचे दोन्ही हात पाठीमागं होते. मी त्याला ताक दिलं. हात पुढं आणल्याशिवाय ते त्याला घेता येईना, म्हणून त्यानं आणले.

मी खाली आले आणि स्टुलावर बसले.

"काढ कागदं," मावशी म्हणाली.

"आज नको."

"का वं? एवढी अकोल्याहून आली."

"सांगितलं ना, आज नको," मी जरा जोरातच म्हणाले. ती हसली. पहिल्या सौद्याच्या दिवशी हसली होती, तशी. मी पाण्याचा तांब्या ठेवायला आत गेले आणि परत येऊन बॅग उचलली. हाताला लगेच कळलं, मघापेक्षा जास्त आहे. पाव किलो, फार तर तीनशे ग्रॅम. मी उघडून पाहिली नाही.

अकोल्याला घरी येऊन बॅग उघडली. कराराच्या कागदांवर मेथीची जुडी होती, सवयीप्रमाणे पाणी शिंपडलेली. मुद्रांकाचा कागद भिजून वरची शाई पसरली होती, कोरी जागा कुठली आणि लिहिलेली कुठली, हे कळत नव्हतं. कागद वाया गेला. माझ्या तिच्याविरुद्धच्या तक्रारींत ही आणखी एक धरावी.

मेथी निवडायला घेतली. शेवटच्या काडीपर्यंत बाजूला काढण्यासारखं काही निघालं नाही.